नव्या घराने रस्त्याचा किती वाटा उचलायचा? प्रादेशिक इम्पॅक्ट फी ठरवायची कशी

कॅलिफोर्नियातल्या एल डोराडो काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा) जॉर्ज शीट्झ नावाच्या गृहस्थांनी आपल्या जागेवर कारखान्यात तयार झालेलं घर आणून बसवायचं ठरवलं. परमिट मागायला गेले, तर काउंटीने वाहतुकीपोटी २३,४२० डॉलर भरायला सांगितले. त्यातले २१,१६० स्थानिक रस्त्यांसाठी होते आणि २,२६० हायवे ५० साठी. माझ्या एका घराने रस्त्यावर एवढा कसला भार पडणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी निषेध नोंदवून पैसे भरले आणि कोर्टाची पायरी चढले. १२ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: फी कायदा करून सगळ्यांना सरसकट लावली आहे, एवढ्या कारणावर ती छाननीतून सुटत नाही. फी योग्य की अयोग्य हे न्यायालयाने ठरवलं नाही, प्रकरण खालच्या कोर्टाकडे परत पाठवलं.

मी कॅलिफोर्नियात वाहतूक नियोजनाचं काम करतो. त्या निकालानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे आलेल्या जवळपास प्रत्येक फोनवर एकच विचारणा होती, ‘आपला अभ्यास कोर्टात टिकेल ना?’ अभ्यास म्हणजे फी कशी ठरवली याचा लेखी हिशेब. खरं तर हा प्रश्न अभ्यास सुरू करण्याच्या दिवशीच विचारायचा असतो. पुढे जे लिहिलंय ते त्याच क्रमाने लिहिलंय. नियम मुख्यतः कॅलिफोर्नियाचे आहेत, कारण अनेक शहरांनी मिळून एकच वाहतूक फी घ्यायची पद्धत तिथे सर्वांत जास्त मुरली आहे.

आधी फी म्हणजे काय ते थोडक्यात

इम्पॅक्ट फी म्हणजे नव्या बांधकामाकडून एकदाच घेतलेली रक्कम. त्या बांधकामामुळे जी सार्वजनिक सोय वाढवावी लागते तिच्या खर्चातला हा वाटा. हा कर नाही. कराचा पैसा कुठेही वळवता येतो, हा येत नाही. या पैशांतून खड्डे बुजवता येत नाहीत, बसच्या ड्रायव्हरचा पगार देता येत नाही आणि वीस वर्षं तुंबलेल्या चौकाची जुनी थकबाकीही भागवता येत नाही. नव्या लेन, इंटरचेंज (हायवेवर चढण्या-उतरण्याचे जोडरस्ते), रेल्वेवरचे पूल, सिग्नल, बस डेपो, सायकलमार्ग अशी भांडवली कामं चालतात.

‘प्रादेशिक’ म्हणण्याचं कारण साधं आहे. घर एका शहरात, नोकरी दुसऱ्या, आणि कोंडी होते ती मधल्या तिसऱ्या शहराच्या इंटरचेंजवर. तिसऱ्या शहराने फक्त आपल्या हद्दीतल्या घरांकडून पैसे घेऊन तो इंटरचेंज बांधायचा म्हटला तर जन्मात होणार नाही.

पायरी पहिली: सगळ्यांना एका सतरंजीवर बसवा

बहुतेक मार्गदर्शिका इथे वाहतुकीचा अंदाज बांधणाऱ्या संगणकी मॉडेलपासून सुरुवात करतात. माझ्या मते ती चूक आहे. गणित कुणीही करून देतं, घोडं अडतं ते शहरांच्या सहमतीवर. प्रत्येक नगराध्यक्षाच्या मनात एकच भीती असते: मी घरामागे दहा हजार डॉलर घेतले आणि शेजाऱ्याने काहीच घेतलं नाही, तर बिल्डर त्याच्याकडे जाईल. म्हणून फी सगळ्यांची सारखी आणि सगळ्यांची एकाच दिवशी लागू व्हावी लागते.

हे जुळवून आणायचा कॅलिफोर्नियातला हमखास उपाय म्हणजे फीची सांगड विक्रीकराशी घालणं. रिव्हरसाइड काउंटीत मतदारांनी १९८८ मध्ये ‘मेझर ए’ (Measure A, म्हणजे प्रस्ताव ए) हा वाहतुकीसाठीचा अर्धा टक्का विक्रीकर मंजूर केला. त्यातला स्थानिक रस्त्यांचा वाटा हवा असेल तर शहराला टी.यू.एम.एफ. नावाच्या प्रादेशिक फी योजनेत सामील व्हावं लागतं. काउंटीतल्या कोचेला खोऱ्यात ही योजना १९८९ पासून आहे, काउंटीच्या पश्चिम भागात २००३ पासून. सॅन डिएगोत ‘ट्रान्सनेट’ विक्रीकराची अट अशीच आहे: १ जुलै २००८ पासून प्रत्येक नव्या घरामागे किमान २,००० डॉलर प्रादेशिक रस्त्यांसाठी घ्या, दरवर्षी निदान दोन टक्के वाढवा, नाहीतर ट्रान्सनेटचा स्थानिक निधी विसरा. कॉन्ट्रा कॉस्टा काउंटीत ‘मेझर जे’ने तेच केलं. फीमधून मिळणारे पैसे दूरचे आणि अनिश्चित वाटतात. विक्रीकराचा चेक मात्र दरवर्षी येतो, आणि तो थांबेल म्हटलं की बैठकीला सगळे वेळेवर हजर असतात.

करारात चार गोष्टी पहिल्याच दिवशी लिहून घ्या. फी गोळा कोण करणार? बहुधा शहर, कारण परमिट तेच देतं. गोळा झालेली रक्कम किती दिवसांत प्रादेशिक संस्थेकडे जमा व्हायची? कुठला प्रकल्प आधी हे कोण ठरवणार? आणि शहराने पैसे घेतलेच नाहीत, किंवा घेऊन स्वतःकडेच ठेवले, तर काय?

शेवटचा मुद्दा उगाच घातलेला नाही. पश्चिम रिव्हरसाइडच्या प्रादेशिक संस्थेला बोमाँट शहराविरुद्ध २००९ मध्ये याच योजनेच्या पैशांसाठी कोर्टात जावं लागलं. २०१४ मध्ये सुमारे ४.३ कोटी डॉलरचा निकाल शहराविरुद्ध लागला. मधली पाच वर्षं दोन सरकारी संस्था जनतेच्या पैशाने एकमेकींविरुद्ध वकील लढवत होत्या. करारात हिशेबतपासणीचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहा. भिडेपोटी ते कलम गाळलेलं मी पाहिलंय, आणि पुढे ज्यांनी गाळलं तेच पस्तावले.

पायरी दुसरी: रस्त्यांचं जाळं आणि कामांची यादी

कुठले रस्ते ‘प्रादेशिक’? याचा निकष आधी ठरवा, रस्ते नंतर निवडा. उलटं केलंत तर प्रत्येक नगरसेवकाच्या घरासमोरचा रस्ता प्रादेशिक ठरतो. निकष असे असतात: दोन किंवा जास्त शहरांना जोडणारा रस्ता, भविष्यात दिवसाला अमुक वाहनांपेक्षा जास्त वाहतूक, हायवेला मिळणारा इंटरचेंज, मोठ्या नोकरीकेंद्राला किंवा रेल्वे स्थानकाला जाणारा मार्ग.

यादीतल्या प्रत्येक कामाला एक पान द्या. कुठून कुठपर्यंत, आज किती लेन, उद्या किती, खर्च किती, त्यात जमीन किती, पर्यावरण मंजुरी आणि डिझाइन किती टक्के, आकस्मिक खर्च किती. खर्चाचे दर एकाच तक्त्यातून घ्या. एका शहराच्या इंजिनिअरने लेनचा मैलामागे एक भाव धरला आणि दुसऱ्याने दुप्पट, तर विरोधी वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

पायरी तिसरी: वाढ किती होणार?

पायाभूत वर्ष (आजची स्थिती) एक, क्षितिजवर्ष (जिथवरचा अंदाज बांधायचा ते) एक, साधारण वीस-पंचवीस वर्षांचं अंतर. घरं आणि नोकऱ्यांचे आकडे प्रादेशिक नियोजन संस्थेच्या मंजूर अंदाजातून घ्या, शहरांनी स्वतः सांगितलेल्या आकड्यांतून नको. शहरांची बेरीज नेहमीच प्रदेशापेक्षा मोठी निघते, कारण प्रत्येकालाच पुढचा मॉल आपल्याकडे येणार असतो. वाढ फुगवून धरली की फी कागदावर स्वस्त दिसते, पण ती घरं आलीच नाहीत तर अर्धे पूल कागदावरच राहतात.

पायरी चौथी: वाटा काढणं

सगळं प्रकरण इथेच तरतं किंवा बुडतं, म्हणून जरा सावकाश.

कायद्याच्या कसोट्या दोन खटल्यांतून आल्या. १९८७ च्या नोलन खटल्यात न्यायालयाने म्हटलं की अट आणि बांधकामाचा परिणाम यांचा खरा संबंध हवा. १९९४ च्या डोलन खटल्यात म्हटलं की मागणी परिणामाच्या अंदाजे प्रमाणात हवी. डोलनबाईंचं ऑरेगनमधल्या टिगर्ड शहरात नळकामाच्या सामानाचं दुकान होतं. दुकान मोठं करायला परवानगी मागितली तर शहराने सायकलमार्गासाठी त्यांची जमीन मागितली. दुकानामुळे दिवसाला ४३५ फेऱ्या वाढतील असा अंदाज शहराकडे होता, आणि सायकलमार्गाने त्यातल्या काही कमी होऊ शकतील असं त्यांनी लिहिलं होतं. न्यायालयाने बोट ठेवलं ते त्या ‘होऊ शकतील’वर. होतील असं दाखवलेलं नव्हतं. अहवाल लिहिताना मी आजही ‘शकतील’ हा शब्द शोधून एकेक काढतो. कॅलिफोर्नियाचा फीचा मुख्य कायदा, मिटिगेशन फी ॲक्ट, १ जानेवारी १९८९ पासून लागू आहे आणि तोही तेच मागतो: फी कशासाठी, ती कुठे खर्च होणार, त्या खर्चाचा आणि या प्रकारच्या बांधकामाचा संबंध काय, आणि ती सोय लागण्याचा आणि या बांधकामाचा संबंध काय.

आता गणित. आकडे माझ्या मनचे आहेत, रीत खरी आहे.

एक इंटरचेंज रुंद करायला ६ कोटी डॉलर लागतात. गर्दीच्या तासाला आज त्यावरून ४,२०० वाहनं जातात, स्वीकारार्ह क्षमता ४,००० ची आहे. म्हणजे २०० वाहनांची तूट आजच आहे. क्षितिजवर्षी मागणी ६,२०० होईल. एकूण वाढीव क्षमता हवी २,२०० ची, त्यातले २०० जुन्या लोकांचे, २,००० नव्यांचे. जुन्या तुटीचा वाटा २०० भागिले २,२००, म्हणजे ९.१ टक्के, साधारण ५४.५ लाख डॉलर. हे पैसे नव्या घरांकडून घेता येत नाहीत. ही ओळ अहवालात नसेल तर बाकी दोनशे पानं कुणी उघडून बघत नाही. २०२२ पासून तर कॅलिफोर्नियात आजची सेवापातळी (त्या सोयीचा दर्जा) काय, प्रस्तावित काय आणि ती का बदलता, हे अभ्यासात लिहावंच लागतं.

उरले ५.४५ कोटी. आता मॉडेलमध्ये त्या इंटरचेंजवरच्या वाढीव फेऱ्यांचा माग काढा: कुठून निघाल्या, कुठे थांबल्या. समजा १५ टक्के वाढ अशा गाड्यांची आहे ज्यांचं मूळही प्रदेशाबाहेर आणि मुक्कामही बाहेर. नुसत्या आरपार जाणाऱ्या. त्यांचा बोजा स्थानिक घरावर टाकता येत नाही. ५.४५ चे ८५ टक्के, म्हणजे ४.६४ कोटी डॉलर, हा नव्या बांधकामाचा वाटा.

समजा या कामाला राज्याकडून ६० लाखांचं अनुदान मंजूर झालंय. ते कुठे वजा करायचं? तीन जागा आहेत. नव्यांच्या वाट्यातून वजा केलं तर फीचा भाग ४.०४ कोटी उरतो. आधी एकूण खर्चातून वजा करून मग दोन्ही टक्केवाऱ्या लावल्या तर ४.१७ कोटी. आणि जुनी तूट व आरपार वाहतूक यांच्या खात्यात जमा केलं तर फीचा भाग ४.६४ कोटीच राहतो. एकाच अनुदानाने उत्तर साठ लाखांनी हलतं. माझा कल तिसऱ्याकडे असतो, अनुदानाच्या अटी आड येत नसतील तर. कारण तूट आणि आरपार मिळून जे १.३६ कोटी आहेत ते फीतून कधीच येणार नाहीत, त्यांना बाहेरचा पैसा लागणारच. पण अनुदान आधीच विशिष्ट भागासाठी बांधून दिलं असेल तर हात बांधलेले असतात. काहीही निवडा, फक्त सगळ्या प्रकल्पांना एकच नियम लावा आणि तो अहवालात लिहा. मी एका अभ्यासाची तपासणी केली होती, त्यात तीन प्रकल्पांना तीन रीती लावल्या होत्या. कारण विचारलं तर तीन वेगळ्या लोकांनी तीन वेगळ्या महिन्यांत तक्ते भरले होते, एवढंच. लबाडी कुणाचीच नव्हती, पण कोर्टात हे कोण ऐकणार?

आता तिसऱ्या रीतीतलं उरलेलं बघा. ४.६४ अधिक ०.६० म्हणजे ५.२४ कोटी. ६ कोटींना ७६ लाख कमी पडतात. ते कुठून येणार हे नाव घेऊन लिहा: विक्रीकर, इंधनकराचा वाटा, संघराज्याचं अनुदान. ‘इतर स्रोत’ असं लिहून पुढे जाऊ नका.

पायरी पाचवी: एका घराची, एका दुकानाची फी

सगळ्या प्रकल्पांचा वाटा बेरीज करा. समजा ३२ कोटी डॉलर झाले आणि प्रदेशात गर्दीच्या तासाच्या ४०,००० नव्या फेऱ्या येणार आहेत. एका फेरीचे ८,००० डॉलर. इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअर्सच्या फेऱ्यांच्या मॅन्युअलची अकरावी आवृत्ती २०२१ ची. तिच्यात स्वतंत्र घराला संध्याकाळच्या गर्दीच्या तासाला ०.९४ फेरी आणि कमी मजल्यांच्या इमारतीतल्या फ्लॅटला ०.५१ फेरी धरली आहे. म्हणजे घराला ७,५२० डॉलर, फ्लॅटला ४,०८०.

इथे थांबू नका. पेट्रोल पंपावर येणाऱ्या बहुतेक गाड्या रस्त्याने जाताजाता वळलेल्या असतात. त्या नव्या फेऱ्या नाहीत, त्या वजा करा. तसंच कोपऱ्यावरच्या दुकानाची फेरी मैलभराची आणि गोदामाची पंधरा मैलांची असते. प्रादेशिक रस्त्यावरचा भार फेऱ्यांपेक्षा फेरी गुणिले लांबी यात खरा दिसतो, म्हणून बऱ्याच प्रादेशिक योजना आता वाहन-मैलांच्या हिशेबाकडे वळल्यात.

कॅलिफोर्नियात आणखी एक मेख आहे. १ जुलै २०२२ नंतर मंजूर झालेल्या अभ्यासात घरांची फी चौरस फुटांच्या प्रमाणात लावावी लागते. तसं का करत नाही याचं कारण शहराच्या सभेने ठराव करून नोंदवलं तरच सुटका. मागच्या अंगणातलं जोडघर ७५० चौरस फुटांहून लहान असेल तर त्याला इम्पॅक्ट फी लावताच येत नाही. रेल्वे-बस स्थानकापासून अर्ध्या मैलातल्या, गाड्यांच्या फेऱ्या कमी होतील अशा अटी पुऱ्या करणाऱ्या घरांनाही कमी दर द्यावा लागतो.

आलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. सभा त्याहून कमी फी लावू शकते, आणि दुकानांची फी जवळजवळ नेहमीच कापली जाते, कारण प्रत्येक शहराला विक्रीकर हवा असतो. कापा. पण दुकानांची सूट घरांच्या डोक्यावर टाकता येत नाही. पडलेलं खिंडार दुसऱ्या पैशाने भरावं लागतं, आणि त्याचा आकडा ठरावातच लिहून ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी ते खिंडार कुणाचं हे कुणालाच आठवत नाही.

पायरी सहावी: सूट, क्रेडिट आणि बिल्डरची बिलं

मोठा बिल्डर म्हणतो, तुमच्या यादीतला रस्ता मीच बांधून देतो, फी माफ करा. हा सौदा चांगला असतो. पैसे येईपर्यंत वाट बघावी लागत नाही आणि रस्ता घरांच्या आधी होतो. पण क्रेडिटचा, म्हणजे कामाच्या बदल्यात फीत मिळणाऱ्या वजावटीचा, करार काम सुरू होण्याआधी करा, आणि क्रेडिट मिळेल ते अभ्यासातला खर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांपैकी जे कमी असेल तेवढंच.

एकदा एका शहरात असा हिशेब माझ्या टेबलावर आला. दीड मैलाच्या रस्त्याचं बिल अभ्यासातल्या आकड्याच्या दीडपट. पानं उलटत गेलो. पायाचं काम, डांबर, पाण्याचा निचरा, सिग्नल, सगळं ठीक. मग वसाहतीभोवतीची दगडी भिंत, तिच्यावरची वेल, वेलींना पाणी देणारी ठिबकची यंत्रणा, आणि प्रवेशद्वारावर वसाहतीचं नाव कोरलेली शिळा. सगळं ‘रस्त्याची कामं’ या शीर्षकाखाली. बिल्डरशी भांडण झालं नाही. करारात ‘पात्र खर्च’ या शब्दाची व्याख्या होती आणि तिच्यात भिंत नव्हती. व्याख्याच नसती तर मात्र ती वेल प्रदेशातल्या प्रत्येक नव्या घरमालकाने वाढवली असती.

यादीत नसलेल्या रस्त्याला क्रेडिट नाही, आणि घराला लागून असलेली लेन तशीही बांधावीच लागणार होती, तिलाही नाही. क्रेडिट दुसऱ्या प्रकल्पाला विकता येईल का, किती वर्षं चालेल, दुसऱ्या विभागात वापरता येईल का, हेही आधीच ठरवा.

पायरी सातवी: मंजुरी आणि वसुली

अभ्यास निदान तीस दिवसांची नोटीस देऊन जाहीर सुनावणीत मंजूर करावा लागतो, आणि फी ठरावानंतर साठ दिवसांच्या आत लागू होत नाही. प्रत्येक शहराने आपला वटहुकूम वेगळा मंजूर करायचा असतो. शब्द तंतोतंत सारखे ठेवा. एका शहराच्या वकिलाने ‘निवासी’ची व्याख्या जराशी बदलली की वृद्धाश्रम एका शहरात घर आणि दुसऱ्यात दवाखाना ठरतो.

फी भरणाऱ्याला पावतीसोबत लेखी कळवा की निषेध नोंदवायला नव्वद दिवस आहेत. हा कागद दिला नाही तर मुदतीचं घड्याळच सुरू होत नाही, आणि मग जुन्या फीवरचा दावा कधीही उभा राहू शकतो. परमिटच्या खिडकीवर एक छापील पान ठेवायचं, बस्स. तरीही ही चूक होते.

वसुलीची वेळ बदलत चालली आहे. २०२५ पासून कॅलिफोर्नियात ठरावीक प्रकारच्या गृहप्रकल्पांना फी परमिटच्या वेळी नव्हे, तर वापर-परवाना मिळतो तेव्हा भरता येते. बिल्डरला व्याज वाचतं, तुमचा पैसा वर्ष-दीड वर्ष उशिरा येतो. तुमच्या खर्चाच्या वेळापत्रकात हे धरा.

आणि फीवर कर्ज काढायचा मोह होईल तेव्हा २००८ आठवा. घरबांधणी थंडावली की फी आटते, कर्जाचे हप्ते आटत नाहीत. ऑरेंज काउंटीच्या टोल रस्त्यांना, ७३, २४१, २६१ वगैरे, १९८० च्या दशकापासून इम्पॅक्ट फीचा आधार आहे. पण रोख्यांचा मुख्य भार तिथे टोलवर टाकला गेला. ज्यांच्याकडे टोल नाही त्यांनी फीला कर्जाचं तारण करताना दहादा विचार करावा. बांधकाम खर्चाच्या निर्देशांकानुसार दरवर्षी आपोआप वाढ मात्र पहिल्याच वटहुकुमात घाला. दरवर्षी सभेत वाढ मांडायची ठरवलीत तर निवडणुकीच्या वर्षी ती हमखास पुढे ढकलली जाते.

पायरी आठवी: खर्च, आणि खर्चाचा पुरावा

पैसे वेगळ्या खात्यात, व्याजासह. प्रदेश मोठा असेल तर विभाग करा आणि गोळा झालेल्यातला काही भाग त्या-त्या विभागातच खर्च करा. दूरच्या टोकाचं शहर नाहीतर एक दिवस विचारतं, आमचे पैसे गेले कुठे?

आर्थिक वर्ष संपल्यापासून १८० दिवसांत वार्षिक अहवाल लागतो: सुरुवातीची शिल्लक, जमा, व्याज, प्रत्येक कामावरचा खर्च आणि त्या कामात फीचा वाटा किती टक्के. त्याखेरीज दर पाच वर्षांनी न खर्चलेल्या पैशांबद्दल ठराव करावा लागतो: पैसे कशासाठी ठेवलेत, संबंध अजून तसाच आहे का, उरलेला निधी कुठून येणार आणि अंदाजे केव्हा. हे न केल्यास पैसे परत द्यावे लागतात, आणि तेही त्या जागेच्या सध्याच्या मालकाला, मुळात भरणाऱ्याला नव्हे.

सॅन क्लेमेंटे शहराने १९८९ पासून समुद्रकिनाऱ्याच्या पार्किंगसाठी घरामागे १,५०० डॉलर घेतले. पार्किंग फारसं बांधलं गेलं नाही आणि पैसे साचत राहिले. पाच वर्षांचा ठराव झाला, पण त्यात जुनीच वाक्यं उतरवली होती. २०१५ मध्ये कोर्टाने सुमारे १.०५ कोटी डॉलर परत करायला लावले. अशा ठरावाचा मसुदा मागच्या ठरावाची प्रत काढून सुरू करू नका. कोरं पान घ्या, प्रकल्पांची यादी समोर ठेवा आणि प्रत्येकासमोर आज काय स्थिती आहे ते लिहा.

दुसऱ्या राज्यांत असाल तर

हीच पद्धत सगळीकडे चालत नाही. टेक्ससने १९८७ मध्ये देशातला पहिला इम्पॅक्ट फी कायदा केला, पण रस्त्यांच्या फीचं सेवाक्षेत्र सहा मैलांपर्यंतच ठेवता येतं. काउंटीभर एक फी तिथे बसणार नाही. तिथे आणि वॉशिंग्टन राज्यात पैसे साधारण दहा वर्षांत खर्च व्हावे लागतात, युटात सहा. फ्लोरिडाने २०२१ पासून फीवाढीवर लगाम घातला: पंचवीस टक्क्यांपर्यंतची वाढ दोन वर्षांत विभागून आणि पन्नासपर्यंतची चार वर्षांत. नेवाडात रिनो, स्पार्क्स आणि वॉशो काउंटी मिळून एक प्रादेशिक रस्ते फी चालवतात. कॅलिफोर्नियाबाहेरचं उदाहरण हवं असेल तर ते बघा.

पर्यावरण कायद्याचा एक गोंधळ इथेच दूर करतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२० पासून पर्यावरण अहवालात रस्त्यावरची कोंडी हा परिणाम मानला जात नाही, गाड्यांनी कापलेले मैल मानले जातात. त्यामुळे कोंडीवर आधारलेली फी बंद झाली असा समज पसरला. बंद झाली नाही, कारण फीचा कायदा वेगळा आहे. पण एका कागदात रस्ता रुंद केल्याने गाड्या वाढतात असं लिहायचं आणि दुसऱ्यात त्याच रुंदीकरणाने दिलासा मिळतो असं लिहायचं, हे एकाच वकिलाच्या हातात पडलं तर अवघड होतं. दोन्ही कागद एकाच माणसाला वाचायला द्या.

अभ्यास निदान दर आठ वर्षांनी नवा करावा लागतो. मी सहाव्या वर्षी सुरू करतो. मॉडेल अद्ययावत करायला वर्ष जातं आणि शहरांना एका खोलीत बसवायला दुसरं. नव्या अभ्यासाचं पहिलं काम असतं जुन्या यादीतून झालेले प्रकल्प काढणं आणि त्यांच्यापुढे मांडलेला खर्च खऱ्या बिलांशी ताडून बघणं. मागच्या खेपेला एका पुलापुढचा आकडा खऱ्या बिलाच्या निम्मा निघाला होता. पायाखाली खडक लागला होता, आणि भूगर्भ तपासणीचं पान फाइलमध्ये नव्हतं.